संजीवनीले तूच सांग

वरवट बकाल
४ डिसेंबर

गोकुळ,

आशीर्वाद तुह्या पाठीशी आहेतच, ते दरवेळी कागदावर मांडत नाई. कामाचं लिहिते.

परवा फोनवर तू म्हणला, "आई, नाताळात यायचं जमत नाई, प्रोजेक्ट हाय." मी पुढचं विचारणार तं म्हणला, "आवाज तुटून राह्यला," अन् बंद केला. आवाज कुठं तुटत होता बे? तुह्या मागं कुकरची शिट्टी झाली, ते बी मले साफ ऐकू आलं.

फोन बंद करता येते. पत्र आलं तं निदान पाकीट फोडावं लागते. म्हणून लिहून राह्यली. अंगणवाडीचे रजिस्टर भरून भरून माहा हात चालू हाय, लिहायचा कंटाळा मले नाई.

दिवाळीले फोनवर तू काय म्हणला होता ते आठव. "आई, डिसेंबरात इथं कॉलेज बंद राह्यते, सगळे आपापल्या घरी जातात, मी बी येतो. संजीवनीच्या व्हिसाच्या कागदाचं तवाच बसून करू." हे मी ऐकलं, तुह्या बाबाईनं ऐकलं, अन् संजीवनी बाजूले पुऱ्या तळत होती, तिनं बी ऐकलं. तवापासून या घरात डिसेंबर सोडून दुसरा महिना नव्हता. तुह्या बाबाईनं न्हाणीत गिझर बसवला, पोराले आता थंड पाणी सोसत नसेल म्हणून. आंबिया बहाराची संत्री व्यापारी घेऊन गेला, पण विहिरीजवळची झाडं त्याले तोडू दिली नाई, गोकुळ येते म्हणून. आता ती संत्री झाडावर सुकून राह्यली अन् पाखरं खाऊन राह्यले.

संजीवनीनं या वर्षात काय केलं ते मीच तुले सांगते, कारण तू विचारत नाई.

लग्नाची हळद उतरायच्या आधी तू विमानात बसला. जातानी तिले म्हणला, "तीन-चार महिन्यात व्हिसा होते, जालन्याची नोकरी सोडून दे." तिनं सोडली. चांगली दवाखान्यात सिस्टर होती पोरगी. मग तुहा फोन आला, जर्मन भाषेची परीक्षा पास झाल्याशिवाय बायकोले येऊ देत नाई. तिनं मोबाइलवर क्लास लावला. घरात रेंज नाई, म्हणून गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसे. मी भाजी निवडत बसली की येऊन मले विचारे, "वी हाइसेन झी?" म्हणजे तुमचं नाव काय. मी म्हणो, "मनकर्णा." मग दोघी हसो.

परीक्षेले पुण्याले मी गेली तिच्यासंग, शेगावहून रेल्वेनं. बाबाईले कपाशीची फवारणी होती. ती आत गेली अन् मी बाहेर पायरीवर बसली. तिथल्या एका बाईनं मले विचारलं, कुठल्या तुम्ही? मी सांगितलं तं माह्या बोलण्याले ती तोंडावर पदर धरून हसली. मी बी हसली. मले काय त्याचं, माही सून आत जर्मन बोलून राह्यली होती!

पास झाली. त्याले आता पावसाळा गेला, दसरा गेला, दिवाळी गेली. राह्यले ते फक्त तुह्ये कागद. भाड्याच्या घराचा करार, पासपोर्टची नक्कल अन् तुह्या सहीची एक चिठ्ठी. ते काही समुद्रातून काढायचे नाईत. तुह्या खोलीतच हायेत. काऊन पाठवत नाई?

येतो का नाई, अन् कागद पाठवतो का नाई, एवढं सरळ सांग. प्रोजेक्ट मले नको सांगू.

संजीवनी मजेत हाय. तब्येत चांगली हाय.

तुही आई


१९ डिसेंबर

गोकुळ,

पत्र पोचलं म्हणे. ते बी मले तुह्या बाबाईच्या फोनवरून समजलं. त्याईले तू आवाज भरून पाठवला, "आईले समजावून सांगा, पत्र काऊन पाठवते. इथं रूममेट विचारून राह्यले, कोणाचं हाय म्हणून." मग सांगायचं ना त्याईले, माह्या आईचं हाय. आई असणं काय लाजेची गोष्ट हाय?

मी जे विचारलं त्याचं त्यात एक अक्षर नाई. बाबाईची तब्येत विचारली. म्हशीची विचारली. तूर कशी हाय ते विचारलं. बायको घरात हाय तुही, तिचं नाव नाई.

तुह्ये बाबा मले म्हणाले, "पोराच्या डोक्यावर अभ्यास हाय, तू त्याच्या मागं नको लागू."

मी म्हटलं, "अन् पोरीच्या डोक्यावर?"

तं उठून गोठ्यात गेले. अवघड बोलणं आलं की त्याईले म्हशीले पाणी पाजायचं आठवते. अशानं ती म्हैस एक दिवस फुटणार हाय.

मागच्या पत्रात मी लिहिलं की संजीवनी मजेत हाय. ते खोटं होतं. तुले बरं वाटावं म्हणून नाई लिहिलं. ते पत्र टपालात टाकायले तीच जाणार होती अन् पाकीट उघडं होतं, म्हणून लिहिलं. आज मी स्वतः जाते टपालात.

ती मजेत नाई. गावात तिले आता कोणी "कशी हायेस बाई" असं विचारतच नाई. "व्हिसा आला काय?" हेच विचारतात. गिरणीवर विचारतात, दुकानात विचारतात, शेवया करायले बसलं तरी विचारतात. आधी तिचं मराठवाडी बोलणं ऐकून पोरी चिडवत होत्या, ते बरं होतं, ती बी उलटून चिडवत होती. आता चिडवत कोणी नाई, कीव करतात. ती गिरणीवर जात नाई आता. दळण मीच नेते.

जर्मनचा क्लास तिनं बंद केला. पुढची परीक्षा द्यायची होती तिले. मी म्हटलं, काऊन बंद केला? तं म्हणे, "बोलायचं कुणासंगं, आई?" तुह्यासंग एकदा बोलून पाह्यलं होतं तिनं. तू हसला अन् म्हणला, उच्चार गावठी हाय. हे तिनं मले सांगितलं नाई. मी बाजूले तांदूळ निवडत होती, मीच ऐकलं. अरे, वरवट बकालच्या गच्चीवर शिकलेली भाषा गावठी नाई तं काय राहील? तुही पहिली इंग्रजी काय लंडनची होती? "आय ॲम गोइंगले" म्हणत होता तू, पाचवीत!

मी चिडून लिहून राह्यली हे तुले दिसत असेल. चिडलीच हाय. ज्याले विचारावं तो दुसऱ्याकडं पाह्यते. तुले विचारलं तं तू बाबाले सांगतो, बाबाले विचारलं तं ते गोठ्यात जातात, संजीवनीले विचारलं तं ती भांडे घासाले घेते, घासलेलेच भांडे परत.

आता उत्तर दे. बाबाईले नाई. मले दे. नाईतं तिले दे.

आई


२९ डिसेंबर

गोकुळ,

प्रोजेक्ट बर्फात होता काय?

आज आम्ही तुरीच्या वावरात होतो. तुह्या काकाची निशिगंधा कॉलेजच्या सुट्टीत खामगावहून आली हाय, ती बी आली होती वावरात, काम करायले कमी अन् फोन पाहायले जास्त. जेवाले बांधावर बसलो तं माह्यासमोर फोन धरून म्हणे, "काकू, दादा किती गोरा झाला पाहा!"

पाह्यलं मी. लाल जाकीट, पायाले त्या लांब फळ्या, मागं बर्फाचा डोंगर अन् आजूबाजूले तुह्ये मित्र-मैत्रिणी. मग दुसऱ्यात लाकडाचे दुकानं, दिवे, अन् सगळ्याईच्या हातात वाफ निघणारे कप. खाली काही इंग्रजीत लिहिलं होतं. मी निशिगंधाले विचारलं, काय लिहिलं हाय? तिनं सांगितलं, "शेवटी एकदाची सुट्टी." मग तिनं फोन मागं घेतला. म्हणे, "काकू, तुमच्या फोनवर नाई दिसलं हे?"

नाई दिसलं. बाबाईच्या फोनवर बी नाई दिसलं. तुह्या काकाच्या, काकूच्या, कोणाच्याच नाई. फक्त या पोरीले वगळायचं तू विसरला.

आता ऐक. तू बर्फात गेला याचा मले राग नाई. जवान पोरगा हायेस, दिवसभर अभ्यास करतो, सुट्टीत कुठं गेला तं काय बिघडलं? राग याचा हाय की तू बसून एकेक नाव शोधलं असशील. याले दाखवायचं नाई, तिले दाखवायचं नाई. माह्या नावावर बोट ठेवलं असशील. बायकोच्या नावावर बोट ठेवलं असशील. तवा तुले काहीच नाई वाटलं?

मी ठरवलं होतं की घरी गेल्यावर तोंड उघडायचं नाई. पण माह्या तोंडाचं तुले माहीत हाय, बंद ठेवलं तरी सगळं दिसते. संजीवनीनं चहा दिला अन् म्हणे, "आई, फोटो पाहिले का तुम्ही?"

मी म्हटलं, "कोणते?"

"बर्फातले."

मी म्हटलं, "तुले कोणं दाखवले?"

"जालन्याच्या मैत्रिणीनं. तिचा भाऊ ह्यांच्यासंगं शिकलाय. दिवाळीच्या आधीपासून पाठवायलीय ती मला. मागं एका तळ्यावर गेले होते, त्याच्या आधी कुणाच्या तरी वाढदिवसाला. ते मला टाळायलेत, आई. कळतंय मला. लहान लेकरू आहे का मी?"

मी म्हटलं, "बाई, मग बोलली काऊन नाई?"

ती म्हणे, "तुम्ही गिझर बसवून घ्यायलते."

गोकुळ, मी चहाचा कप तसाच खाली ठेवला. तुले यावर काही बोलता येत असेल तं बोल.

आई


२ जानेवारी

गोकुळ,

काल तू जे बोलला ते लिहून ठेवते. नाईतं उद्या म्हणशील, मी असं म्हणलोच नाई.

माह्या फोनवरून केला असता तं तू उचलला नसता, म्हणून निशिगंधाचा फोन घेतला. दुपारी केला, तिकडं सकाळ असते म्हणून. तू उचलला अन् हसत म्हणला, "बोल गं निशा, हॅपी न्यू इयर." मी म्हटलं, निशा नाई, आई हाय. तुह्यं हसू बंद झालं ते मले ऐकू आलं.

मी विचारलं, "दुसरी कोणी हाय काय?"

तू म्हणला, "नाई आई. खरंच नाई."

"मग?"

"मले तिले इथं आणायचं नाई."

"काऊन?"

"मले नाई माहीत. इथं आल्यावर समजलं की मले हे लग्नच करायचं नव्हतं. तुम्ही म्हणले म्हणून केलं."

आम्ही म्हटलं, हाव. पण देऊळगाव राजाले पोरगी पाहाले तू गेला होता, अन् एकदा नाई. बालाजीच्या देवळात तिच्यासंग एकटा बोलत बसला अन् घरी येऊन म्हणला, "पोरगी हुशार हाय, मले पसंत हाय." तुह्या मानेवर कोणी विळा ठेवला नव्हता. नाई म्हटलं असतं तं मी चार दिवस फुगून बसली असती अन् पाचव्या दिवशी विसरली असती.

बरं, ते बी जाऊ दे. माणसाचं मन फिरते. मी म्हटलं, "मग तिले सांगून टाक."

तं तू म्हणला, "आता नाई. माही डिग्री होऊ दे, नोकरी लागू दे, मग पाहू. तवरक राहू दे ना तिले तिथं. तुले बी मदतच होते तिची."

यावर मी फोन ठेवला. आपल्या दोघात पहिल्यांदाच मी ठेवला.

मदत होते! हाव, होते मदत. सकाळी उठून ती म्हशीची धार काढते. बाबाईचं बीपी पाह्यते, गोळी देते. माह्या अंगणवाडीतल्या लेकराईचे वजन करायले येते, लेकरं तिले सोडत नाईत. पण ती त्यासाठी आली होती काय? जालन्याची ड्यूटी सोडून ती माह्या हाताखाली भाकरी थापाले आली होती? ठेव हाय काय ती आमच्याकडं, की तुले वाटलं तवा येऊन घेऊन जाशील अन् नाई वाटलं तं पडू देशील?

दुसरी कोणी असती तं मी तुले शिव्या दिल्या असत्या, पण मले समजलं असतं. इथं तं समजायलेच काही नाई. नुसतं आज नाई उद्या, उद्या नाई परवा. पोरगी गच्चीवर उभी राहून वाट पाह्यते अन् तू पुढच्या सुट्टीत कुठं जायचं ते पाह्यतो.

तुह्या बाबाईले मी सगळं सांगितलं. ते उठून गोठ्यात गेले. जेवले नाई.

संजीवनीले मी सांगणार नाई. ते माह्यं काम नाई. तूच सांग. तुह्या तोंडानं सांग. तिनं तुह्यासाठी नवीन भाषा शिकली, तू तिच्यासाठी आपल्याच मराठीत दोन वाक्यं बोलून दाखव.

टपालाची वाट पाहायचा धीर मले आता नाई. निशिगंधाले याचा फोटो काढून पाठवायले सांगते. तिनं वाचलं तं वाचू दे.

आई


१२ जानेवारी

गोकुळ,

निशिगंधा म्हणते, दादानं वाचलं, दोन निळ्या रेघा दिसून राह्यल्या. तुहा फोन काही आला नाई.

काल संजीवनीचे वडील आले होते. अर्जुनराव. संक्रांतीचं वाण घेऊन. देऊळगाव राजाहून इतक्या गाड्या बदलून आला माणूस, हातात तिळाच्या लाडवाचा डबा, काखेत लेकीसाठी लुगडं अन् माह्यासाठी बी एक. मले त्याईच्याकडं पाहवलं नाई. मी चहाचं निमित्त करून आत गेली.

बाहेर बोलणं चालू झालं. आधी पीकपाणी झालं. मग अर्जुनरावांनी विचारलं, "जावईबापूचं काय म्हणणं आहे? सुट्टीत येणार होते ना?"

तुह्ये बाबा म्हणाले, "परीक्षा हाय त्याची. उन्हाळ्यात नक्की येते. मग संगंच नेते तिले."

गोकुळ, तुह्या बाबाईले खोटं बोलतानी मी या आधी ऐकलं नव्हतं. बाजारात म्हैस विकतानी बी ते सांगतात, ही लाथ मारते. तो माणूस तुह्यासाठी व्याह्यासमोर बसून खोटं बोलला.

मी बाहेर आली. चहा खाली ठेवला अन् म्हटलं, "व्याही, हे खरं नाई."

बाबा म्हणाले, "मनकर्णा, आत जा."

चारचौघात माह्यं नाव त्याईनं आजवर घेतलं नव्हतं. मी आत नाई गेली. मी म्हटलं, "गोकुळ तिले नेणार नाई. त्यानं मले तसं सांगितलं. आम्ही तुमच्यापासून लपवून राह्यलो."

हे बोलली अन् मले दिसलं की संजीवनी दारात उभी हाय. तिले मी सांगणार नाई असं तुले लिहिलं होतं. सांगावं लागलं. तू वेळेवर तोंड उघडलं असतं तं ही पाळी माह्यावर आली नसती.

अर्जुनरावांनी नुकताच कप उचलला होता. मले वाटलं आता हे ओरडतील. ओरडले असते तं बरं वाटलं असतं. त्याईनं कप खाली ठेवला अन् तुह्या बाबाईले विचारलं, "पुंजाजीराव, तुम्हाला माहीत होतं?"

बाबाईनं मान डोलावली.

"पोरीचा बाप आहे मी. निदान मला तरी सांगायचं." एवढंच म्हणाले. मग लेकीकडं वळले. "काय करायचं बाई तुला? कपडे भर. आपण निघू."

संजीवनी म्हणे, "आज नाही, अण्णा. मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय. मग निघते मी. पण देऊळगावला येऊन बसणार नाही. जालन्याला जाईन, ड्यूटीवर. मेट्रनबाईला मी फोन केलाय."

"लोक काय म्हणतील ते तरी..."

"लोक लग्नापासून म्हणायलेच की, अण्णा."

जेवा म्हटलं तं त्याईनं हात जोडले. पाणी प्यायले अन् निघाले. लाडवाचा डबा इथंच राह्यला. कोणी उघडला नाई.

तुह्ये बाबा कालपासून माह्यासंग बोलत नाईत. काही पाह्यजे असलं तं संजीवनीले सांगतात, अन् ती मले सांगते. घरात तिघं जण अन् बोलणारी एकच, जिले बोलायचं कारण सगळ्यात कमी.

तू अजून काय पाहून राह्यला? आता लपवायले काही राह्यलंच नाई. ती तुले खाणार नाई, गोकुळ. रडणार बी नाई, मी तिले ओळखते. फोन कर.

आई


२६ जानेवारी

गोकुळ,

अंगणवाडीत झेंडावंदन करून आली अन् लिहायले बसली.

तू फोन केला. संक्रांत होऊन गेल्यावर केला, पण केला. तेवढं मी तुह्या बाजूनं धरते. त्याहून जास्त काही धरत नाई.

ती गच्चीवर गेली होती. बरंच ऐकत होती, बोलत कमी होती. मी खाली अंगणात तूर पाखडत होती अन् माह्या हातानं दाणे बी कोंड्यासंग उडून राह्यले होते. खाली आली तं तिचे डोळे कोरडे होते. म्हणे, "बोलले."

मी सूप खाली ठेवलं. तिनं ते उचललं अन् म्हणली, "माफी मागायलते. मी म्हटलं, माफीचं नंतर बघू. आधी वकिलाचे कागद येतील त्यावर सही करा. त्याला तरी उशीर लावू नका."

तं आता कागद येतील, गोकुळ. सही करजो.

दुसऱ्या दिवशी ती निघाली. तुह्ये बाबा सकाळीच वावरात निघून गेले. जातानी बीपीची गोळी तिच्याकडून मागून घेतली, पाणी प्यायले, तिच्यासमोर जरा उभे राह्यले. मले वाटलं आता काही बोलतील. "थंडी हाय, स्वेटर घालजो," म्हणाले अन् गेले. मले त्याईचा राग बी आला अन् कीव बी आली.

खामगावपर्यंत मी अन् निशिगंधा गेलो. जालन्याची गाडी लागली. ती पाया पडाले वाकली तं मी तिचे हात धरले. मी म्हटलं, "माह्या पाया नको पडू. मले ते आता शोभत नाई." तं ती म्हणे, "तुमच्या पाया सून म्हणून नाही पडायले, आई. पुण्याला माझ्यासंगं आलात, पायरीवर दिवसभर बसलात, म्हणून पडायले." अन् पडलीच. मग मी तिथं स्टँडवर रडली. ती रडली नाई. मी तुले म्हटलं होतं ना, ओळखते मी तिले.

घर लय मोठं वाटते. अंगणवाडीतले लेकरं विचारतात, सिस्टरताई कुठं हाय.

तुले वाटत असेल की आई बायकोच्या बाजूनं गेली अन् पोराले विसरली. विसरून कसं जमेल? तू माहा पोरगा हायेस. येशील तवा ये, भाकर मिळेल, अंथरूण मिळेल. फक्त "झालं ते झालं, आई" असं म्हणत उंबरा चढू नको. ते म्हणायचा हक्क तुहा नाई. माहा बी नाई.

आता कालचं सांगते.

रथसप्तमीचं हळदीकुंकू दरवर्षी आपल्या घरी राह्यते, तुले माहीत हाय. तुह्ये बाबा म्हणाले, "यंदा नको ठेवू. बायका विचारतील." इतक्या दिवसांनी माह्यासंग बोलले ते हे. मी म्हटलं, विचारतील म्हणूनच ठेवते.

गल्लीतल्या सगळ्या आल्या. बसल्या नाई तेवढ्यात एकीनं विचारलंच, "सून कुठं दिसत नाई? व्हिसा आला काय?"

सकाळपासून मी उत्तरं घोळवून राह्यली होती. माहेरी गेली म्हणू, ड्यूटी लागली म्हणू, जाणारच हाय म्हणू. हातात कुंकवाची कोयरी होती. अन् माह्या तोंडून निघालं, "नेतो म्हणून गोकुळनं लग्न केलं अन् नेलं नाई. पोरगी एक शब्द चुकली नाई. दोष माह्या पोराचा हाय. ती तिच्या नोकरीवर गेली."

मग तुही चुलत मावशी म्हणे, "असं चारचौघीत पोराची बदनामी कोणती माय करते?" दुसरी म्हणे, "झाकली मूठ राहू द्यायची बाई." एक जण वाण न घेता उठली बी. मले वाटलं, मनकर्णा, तू आज गावातून उठली.

कोपऱ्यात मंजुळाबाई बसली होती. तिची लेक रेखा अकोटले दिली होती. तू शाळेत होता तवा ती माहेरी परत आली, ती इथंच राह्यली. का आली ते कोणाले माहीत नाई, पण गावानं तिच्याबद्दल काय काय बोलायचं ठेवलं? मी बी ऐकलं हाय ते, अन् गप्प बसून ऐकलं हाय.

मंजुळाबाई म्हणे, "माह्या रेखाच्या सासूले सगळं माहीत होतं. तिनं एकदा, फक्त एकदा असं चारचौघीत म्हटलं असतं ना, का पोरीचा दोष नाई..."

ती उठून माह्यासमोर आली अन् कपाळ पुढं केलं. मी तिले हळद लावली, कुंकू लावलं. चिमटीत जरा जास्त आलं अन् कुंकू नाकावर सांडलं. तिनं ते पुसलं नाई. तशीच बसून राह्यली. मग एकेक करून बाकीच्या बी उठल्या अन् माह्यापुढं येऊन उभ्या राह्यल्या.

आई